प्रोफेसर कार्लो स्कार्पा : परवान्यावाचून घरे रचणारा शिल्पी

आपल्या ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेसाठी एखाद्या कर्त्या पुरुषाचे चरित्र लिहून द्यावे, अशी संपादक मंडळींची आज्ञा झाली, तेव्हा आम्ही पुष्कळ विचार केला. आपल्या समाजातील व आपल्या देशातील वंदनीय पुरुषांची चरित्रे या पृष्ठांतून यापूर्वी येऊन गेली आहेत. या खेपेस आम्ही एका परदेशस्थ पुरुषाची निवड केली आहे. इटली देशातील व्हेनिस नगरीचे कार्लो स्कार्पा हे ते पुरुष होत. ते जन्माने सुतार नव्हते. परंतु त्यांची सारी हयात सुतार, लोहार, पाथरवट आणि गवंडी यांच्या सहवासात गेली, आणि त्या कारागिरांचा त्यांच्याइतका मान राखणारा रचनाकार विसाव्या शतकात विरळाच झाला असेल. एवढ्या नात्याने त्यांना आपल्या स्मरणिकेत आसन द्यावयास हरकत नसावी.

या निवडीस आणखी एक कारण आहे. आपल्या समाजातील कितीतरी बांधव घरांची आखणी करून देतात. कोणी एखाद्या कचेरीत ड्राफ्ट्समन म्हणून उमेदवारी केलेले असतात; कोणी वडिलांच्या हाताखाली जोत्यापासून आढ्यापर्यंत घर उभे करावयास शिकलेले असतात. त्यांच्यापाशी वास्तुविशारदाची पदवी नसते व परवानाही नसतो. घरधनी त्यांच्यावर विश्वास टाकतो, खोल्या कशा, दारे कोठे, उजेड कोणीकडून, हे सारे त्यांनाच विचारतो. परंतु नकाशावर सही करावयाची वेळ आली की त्यांना दुसऱ्याच्या दारी उभे राहावे लागते. त्या वेळी मनाला जो सल लागतो, तो आम्ही आमच्या घरात पाहिलेला आहे. आमचे वडील उत्तम घरे रचीत, आणि त्यांच्या घरांच्या नकाशांवर त्यांचे नाव कधीही आले नाही. म्हणूनच जगातील एका नामांकित रचनाकाराला हाच सल आयुष्यभर बाळगावा लागला, हे जेव्हा आमच्या वाचनात आले, तेव्हा त्याचे चरित्र आपल्या तरुणांपुढे ठेवावे असे आम्हांस वाटले.

कार्लो स्कार्पा यांचा जन्म २ जून १९०६ रोजी व्हेनिस येथे झाला. वडील प्राथमिक शाळेत शिक्षक होते व आई शिवणकामाचा व्यवसाय करीत असे. कार्लो लहान असतानाच हे कुटुंब जवळच्या व्हिचेंझा शहरी राहावयास गेले. हे शहर सोळाव्या शतकातील पाल्लादिओ या श्रेष्ठ वास्तुशिल्पीच्या इमारतींनी भरलेले आहे. बालपणी रोज ज्या भिंती व ज्या कमानी दृष्टीस पडतात त्यांचा संस्कार मनावर होतोच. १९१९ साली मातोश्रींचे निधन झाले आणि कुटुंब पुन्हा व्हेनिसला परतले. तेथे कार्लो यांनी ललितकला महाविद्यालयात प्रवेश घेतला व १९२६ साली वास्तुरेखनाचे अध्यापक ही पदविका मिळविली.

या पदविकेचे स्वरूप नीट ध्यानात घेतले पाहिजे, कारण पुढील साऱ्या कथेचे मूळ तेथे आहे. तिने त्यांना इमारतींचे रेखन शिकविण्याचा अधिकार दिला. इमारती स्वतःच्या नावाने बांधण्याचा अधिकार दिला नाही. इटलीत १९२३ साली अभियंता व वास्तुविशारद या व्यवसायांविषयी कायदा झाला होता आणि त्यांची अधिकृत नोंदवही सुरू झाली होती. तिच्यात नाव दाखल होण्यासाठी व्यवसायाची परीक्षा देणे प्राप्त होते. दुसऱ्या महायुद्धानंतरही त्यांच्यापुढे ती परीक्षा देण्याचा मार्ग होता. तोपर्यंत त्यांच्या गाठीस वीस वर्षांचे काम होते. परीक्षा त्यांच्या दृष्टीने केवळ उपचार ठरली असती. तरीही ती त्यांनी दिली नाही, ती नाहीच. त्यामुळे नोंदलेल्या वास्तुविशारदास सोबत घेतल्यावाचून त्यांना बांधकाम करता येईना. लोक त्यांना आर्किटेक्ट न म्हणता प्रोफेसर म्हणत. घरधनी असो, मदतनीस असो की सुतार असो, सर्वांच्या तोंडी हेच संबोधन होते.

त्यांच्या शिक्षणाचा खरा भाग पदविकेनंतर सुरू झाला. व्हेनिसजवळ मुरानो नावाचे बेट आहे. काचकामासाठी ते शेकडो वर्षे प्रसिद्ध आहे. तेथील कापेल्लिन यांच्या कारखान्यात व पुढे व्हेनिनी यांच्या कारखान्यात स्कार्पा काचेच्या वस्तूंचे आराखडे करीत. व्हेनिनीकडील त्यांचे काम १९४७ सालापर्यंत चालले. काच तप्त आहे तोवरच तिला आकार देता येतो. भट्टीपुढील कारागीर फुंकणीने काय करू शकतो व काय करू शकत नाही, हे ज्याला ठाऊक नाही त्याचा आराखडा कागदावरच राहतो. स्कार्पा भट्टीपाशी उभे राहून कारागिरांचे हात पाहत. त्यातूनच निरनिराळ्या रंगांचे थर एकात एक बसविलेली, विणलेल्या वस्त्रासारखी भासणारी, हातोडीने ठोकल्यासारख्या पृष्ठभागाची अशी नाना तऱ्हेची पात्रे निर्माण झाली. ती आज संग्रहालयांत जपून ठेविलेली आहेत. हात जाणतो ते कागदाने आधी विचारून घ्यावे, हा धडा त्यांनी तेथे घेतला आणि तो जन्मभर सोडला नाही.

१९२६ सालीच व्हेनिस येथे वास्तुविद्येची नवी संस्था निघाली व तेथे ते साहाय्यक अध्यापक म्हणून रुजू झाले. शिकविण्याचे काम त्यांनी पुढे दीर्घकाळ केले. १९३४ साली त्यांचा विवाह निनी लाझ्झारी यांच्याशी झाला; पुढील वर्षी पुत्र तोबिया यांचा जन्म झाला. हेच तोबिया स्कार्पा पुढे स्वतः नामांकित रचनाकार झाले.

आता नकाशावरील सहीचा प्रश्न त्यांनी कसा सोडविला ते पाहू. उदिने शहराच्या परिसरात आंजेलो मासिएरी नावाचे तरुण वास्तुविशारद होते. ते नोंदणीकृत होते व स्कार्पा यांना गुरुस्थानी मानीत. या दोघांनी मिळून महायुद्धानंतरच्या काळात त्या प्रांतात काही घरे व तार्विसियो या गावी एका पेढीची इमारत रचली. शिष्याजवळ परवाना आणि गुरूजवळ विद्या, असा हा योग होता. दुर्दैवाने तो फार काळ टिकला नाही. १९५२ साली मासिएरी आपल्या पत्नीसह अमेरिकेस गेले. फ्रँक लॉइड राइट या विख्यात वास्तुशिल्पीकडून व्हेनिसच्या मोठ्या कालव्याकाठी घर बांधून घ्यावे अशी त्यांची मनीषा होती. त्या प्रवासात मोटार अपघातात मासिएरी यांचा अंत झाला. स्कार्पा यांचा एक जिवलग सहकारी गेला.

तथापि हा संबंध तेथे तुटला नाही. मासिएरी यांच्या आप्तांपैकी एका गृहस्थांसाठी स्कार्पा यांनी उदिने येथे १९५५ ते १९६१ या काळात एक घर रचले. ते व्हेरित्ती यांचे घर म्हणून ओळखले जाते. त्याच्या रचनेत वर्तुळाचा मोठा उपयोग केलेला आहे. पुढे पाण्याचे कुंड व काचेने वेढलेली हिवाळी बाग आहे. पुढे मासिएरी यांच्या पत्नी सावीना यांनी दुसरा विवाह केला व त्या स्वित्झर्लंडमधील झ्युरिक येथे राहू लागल्या. त्यांनीही आपले घर स्कार्पा यांच्याकडूनच करून घेतले. ते काम १९६४ ते १९६८ या वर्षांत झाले. तेथेही थिओ झेन नावाचे स्थानिक वास्तुविशारद सोबत होते. ज्या स्त्रीने त्यांना परवान्यावाचून काम करताना वर्षानुवर्षे जवळून पाहिले होते, तिने आपले घर निःशंकपणे त्यांच्या हाती सोपविले. आमच्या मते याहून मोठे प्रशस्तिपत्र दुसरे नाही.

घरे व पुराणवास्तू या दोहोंत त्यांची दृष्टी एकच होती. व्हेरोना येथील कास्तेलव्हेक्कियो हा मध्ययुगीन किल्ला संग्रहालय म्हणून नीट करण्याचे मुख्य काम त्यांनी १९५८ ते १९६४ या काळात केले. तेथे त्यांनी नवी फरशी जुन्या भिंतीस भिडविली नाही; दोहोंमध्ये बारीक पट्टी मोकळी ठेविली. नवे काम नवे म्हणून दिसावे आणि जुन्याचा मान राहावा, हा हेतू होता. पोसान्यो या गावी कानोव्हा या शिल्पकाराच्या मूर्तींसाठी त्यांनी दालन वाढविले, तेव्हा खोलीच्या वरच्या कोपऱ्यांतूनच काचेच्या पेट्यांसारख्या खिडक्या काढल्या व त्यांतून पांढऱ्या मूर्तींवर आकाशाचा उजेड सोडला. व्हेनिसमधील क्वेरिनी स्ताम्पालिया या वाड्याचा तळमजला भरतीच्या पाण्याने वारंवार भरत असे. इतर कोणी पाणी अडविण्याचा उपाय शोधला असता. स्कार्पा यांनी पाण्याला आत येऊ दिले. भिंतीकडेने त्याच्यासाठी पाट केला आणि चालण्याची फरशी काठ बांधून उंच घेतली. पाणी आले की ते आपल्या वाटेने फिरते आणि माणूस आपल्या वाटेने कोरडा जातो. हे काम १९६१ ते १९६३ या वर्षांतील आहे.

या सर्व कामांत कारागीर कोण होते, हे सांगितल्याशिवाय चरित्र पुरे होणार नाही. लोखंड व पितळेचे काम झानोन यांच्या कारखान्यात होई. लाकूडकाम आन्फोदिल्लो व पुढे कापोव्हिल्ला या सुतारांकडे असे. गिलाव्याचे नाजूक काम दे लुईजी करीत. इमारती बदलल्या, गावे बदलली, परंतु हातांची ही सोबत वर्षानुवर्षे टिकली. झ्युरिकच्या घरासाठीसुद्धा व्हेनिसच्या कारागिरांचे काम नेले गेले. स्कार्पा एकाच कोपऱ्याची कितीतरी रेखाटने करीत. जाड कागदावर, रंगीत पेन्सिलींनी, एकावर एक. एका स्मशानस्थळासाठी केलेली त्यांची रेखाटने हजाराहून अधिक भरतात. ती घेऊन ते कारखान्यात जात, कारागिराशी बोलत आणि परत येऊन पुन्हा काढीत. दोन लाकडे जेथे भेटतात, लोखंडाची तुळई जेथे दगडावर टेकते, तो सांधा त्यांनी कधी झाकला नाही. आपल्या सुताराला हे समजावून सांगावयास नको. खोबणीत कुसू नीट बसले आहे की नाही ते घरधन्यास दिसत नाही, परंतु सुतारास रात्री झोप लागते किंवा लागत नाही ती त्यावरूनच.

१९५६ हे वर्ष त्यांच्या आयुष्यात विलक्षण ठरले. त्या साली त्यांना वास्तुकलेसाठी ऑलिव्हेत्ती हा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आणि त्याच सुमारास परवान्यावाचून वास्तुविशारदाचा व्यवसाय केल्याच्या आरोपावरून वास्तुविशारदांच्या स्थानिक मंडळाने त्यांच्यावर खटला भरला. एका हाताने देशाने गौरव केला आणि दुसऱ्या हाताने व्यवसायबंधूंनी न्यायालयात ओढले. पन्नाशीला पोचलेल्या, शेकडो विद्यार्थ्यांस शिकविलेल्या माणसास हे किती लागले असेल, याची कल्पना वाचकांनी करावी. खटल्याने त्यांचे काम मात्र थांबले नाही. व्हेनिसच्या सान मार्को चौकातील ऑलिव्हेत्ती कंपनीचे दालन त्यांनी १९५७ व १९५८ या वर्षांत रचले. तेथील जिन्याच्या संगमरवरी पायऱ्या अधांतरी ठेविल्यासारख्या दिसतात आणि आजही दूरदूरचे लोक त्या पाहावयास येतात.

पुढे १९७२ साली ज्या संस्थेत ते साहाय्यक म्हणून लागले होते, त्याच वास्तुविद्येच्या संस्थेचे ते संचालक झाले व १९७४ पर्यंत त्या पदावर राहिले. तिच्यातून बाहेर पडणारे विद्यार्थी परीक्षा देऊन नोंदवहीत नाव घालीत. त्यांच्या संचालकांचे नाव मात्र त्या वहीत नव्हते.

शेवटच्या वर्षांतील घरांपैकी गार्दा सरोवराकाठी बार्दोलिनो येथील ओत्तोलेंघी यांचे घर विशेष प्रसिद्ध आहे. ते १९७४ साली हाती घेतले गेले. येथे जुझेप्पे तोम्मासी हे वास्तुविशारद सोबतीस होते. उतारावरच्या या घराचा बराच भाग जमिनीत बसविलेला आहे. वरच्या अंगाने आलेला मनुष्य चालत चालत घराच्या छपरावर येतो. आत जाड गोल खांब आहेत व त्यांच्या भोवती खोल्या वळणे घेत जातात. हे घर पुरे झालेले पाहण्याचे स्कार्पा यांच्या नशिबी नव्हते. ते त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांच्या रेखाटनांवरून तडीस नेले.

सान व्हितो दाल्तिव्होले या खेड्यात ब्रिऑन कुटुंबासाठी त्यांनी रचलेले समाधिस्थळ हे त्यांचे सर्वांत मोठे काम मानले जाते. ओनोरीना ब्रिऑन या विधवा स्त्रीने पतीच्या स्मरणार्थ ते करविले. गावच्या स्मशानभूमीस दोन बाजूंनी वेढणारी सुमारे २२०० चौरस मीटर जागा, पाणी, हिरवळ, काँक्रीटच्या पायऱ्यापायऱ्यांच्या कडा आणि मध्ये एका कमानीखाली एकमेकांकडे झुकलेल्या पतिपत्नींच्या समाध्या, असे त्याचे स्वरूप आहे. आम्ही हे स्थळ प्रत्यक्ष पाहिलेले नाही, केवळ छायाचित्रांतून व नकाशांतून पाहिले आहे. तरीही त्या दोन झुकलेल्या समाध्यांकडे पाहून आमचे डोळे पाणावले.

जपानी सुतारकाम व बागा यांविषयी स्कार्पा यांना मोठा आदर होता. १९७८ साली ते जपानच्या प्रवासास गेले असता सेंदाई शहरी जिन्यावरून पडले आणि २८ नोव्हेंबर रोजी त्यांचे देहावसान झाले. जिन्याच्या एकेका पायरीवर ज्याने आयुष्य वेचले त्याला जिन्यानेच न्यावे, हा दैवयोग होय. त्यांच्या इच्छेप्रमाणे ब्रिऑन समाधिस्थळ व गावची स्मशानभूमी यांच्या मधल्या एका कोपऱ्यात त्यांना मूठमाती देण्यात आली. समाधीची शिळा पुत्र तोबिया यांनी रचली. वास्तुविद्येची सन्माननीय पदवी त्यांच्या नावास जोडली गेली ती या मृत्यूच्या सुमारास. ज्या अक्षरांसाठी न्यायालयाचे दार पाहावे लागले, ती अक्षरे अशी आली.

आता आपल्या बांधवांनी या चरित्रातून काय घ्यावे? आम्ही हयातभर मुलांना परीक्षेस बसवीत आलो. आम्ही स्वतः मॅट्रिकपलीकडे गेलो नाही याची खंत आम्हांस आहे. तेव्हा स्कार्पा यांनी परीक्षा दिली नाही ही गोष्ट आम्ही अनुकरणीय म्हणणार नाही. परवाना ही निरर्थक वस्तू नव्हे. ज्याची ओळख नाही अशा माणसाने बांधलेल्या छपराखाली लेकरे निजवावयाची, तर समाजाला काहीतरी खूण हवी; ती खूण म्हणजे परवाना होय. स्कार्पा यांस परीक्षा न दिल्याची किंमत पडलीच. प्रत्येक बांधकामास दुसऱ्याची सोबत शोधणे, उतारवयाकडे झुकताना खटल्यास तोंड देणे, हे सारे त्यांनी सोसले. ज्या मुलाला शिकता येईल त्याने शिकावे, परीक्षा द्यावी आणि आपले नाव वहीत घालावे, हेच आमचे सांगणे राहील.

परंतु ज्यांचे शिकण्याचे वय सरले आहे, ज्यांच्या हाती विद्या आहे पण कागद नाही, त्यांच्यासाठीही या चरित्रात मोलाचे शिक्षण आहे. स्कार्पा यांची ओळख प्रोफेसर अशीच राहिली, आणि तो त्यांचा हक्काचा मान होता. नोंदलेल्या सहकाऱ्यास सोबत घेण्यात त्यांनी कमीपणा मानला नाही. आणि परवाना जी हमी कागदाने देतो ती त्यांनी कामावर उभे राहून दिली. आपल्या देशातही वास्तुविशारदांचा कायदा १९७२ साली झाला. त्या कायद्याने वास्तुविशारद हे बिरुद नोंदणी झालेल्यांसाठीच राखले आहे. नोंदणी नसलेल्यास आराखड्याचे काम करावयास मात्र त्याने बंदी केलेली नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली दिला. स्थानिक बांधकाम नियमांप्रमाणे जेथे परवानाधारकाची सही लागते तेथे ती घेतलीच पाहिजे, आणि तुळया, खांब व सळया यांचा हिशेब जाणत्या अभियंत्याकडून करवून घेतलाच पाहिजे. न मिळालेले बिरुद पाटीवर लावणे हा कायद्याचा भंग आहे, तसाच तो स्वतःच्या हातांचा अपमानही आहे.

आमच्या वडिलांनी रचलेले एक घर आमच्या गावी अजून उभे आहे. त्याच्या माजघरात दुपारी झरोक्यातून उजेड येतो तो नेमका जात्याच्या जागेवर पडतो. जाते गेले, दळणारी माउलीही गेली. उजेड मात्र रोज येतो. त्या घराच्या नकाशावर कोणाची सही होती हे आज गावात कोणासही ठाऊक नाही. घर कोणी बांधले हे मात्र शेंबडे पोरही सांगते. स्कार्पा यांचे चरित्र वाचून आमच्या मनातील जुना सल पुष्कळसा निवाला. आपल्या वाचकांपैकी ज्यांच्या मनात तसाच सल असेल, त्यांचाही तो निवावा, एवढ्याच हेतूने हा लेख समाजाच्या सेवेस सादर केला आहे.